गेल्या वर्षीचं गाऱ्हाणं

शरच्चंद्र परब बांगडे घेऊन आले ते थेट स्वयंपाकघरात शिरले. चपला दाराशी, टोपी फ्रिजवर, पिशवी सिंकमध्ये.

"सुरी दी."

"बाबा, मी कापते ना," अनुया म्हणाली.

"तू कापतंस तेव्हा मेल्या माशाक पण दुखता."

गुरुवार होता. परबांनी उभी हयात भोसरीच्या वर्कशॉपांत लेथवर काढली होती आणि भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी गुरुवार उजाडला की त्यांच्या अंगात सुट्टी यायची. मग बाजारातून मासे घ्यायचे, बस पकडायची आणि रावेतला लेकीच्या फ्लॅटवर हजर व्हायचं. अनुया चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात होती. तिलाही गुरुवारीच सुट्टी असायची. शेजारच्या कुलकर्णी काकू गुरुवारी जिन्यात भेटल्या की परबांच्या पिशवीकडे बघून नाकाला पदर लावायच्या.

"बाबा, अख्खी बिल्डिंग आज दत्ताचा उपास करते आणि आपल्या घरात बांगडे."

"देवाक ठाऊक आसा माझी सुट्टी कधी आसता ती. मी त्याच्याशी बोलान घेतलंय."

हे ते थट्टेनं म्हणत नसत. देवाशी त्यांचं खरोखरच बोलणं असायचं, आणि ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. भोसरीत त्यांच्या गल्लीत कोकणातून आलेल्या कुटुंबांचं मंडळ होतं. पुढे त्यात लातूरचे आले, साताऱ्याचे आले, जागेचे मूळ मालक चिमाजीआबाही आले. दर माघात मंडळाची पूजा व्हायची. भटजींचं सगळं आटोपलं की प्रसादाआधी परब नारळ घेऊन देवासमोर उभे राहायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. गल्लीत ज्याचं जे अडलंनडलं असेल ते नावानिशी, मोठ्यानं देवाच्या कानावर घालायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एकसुरात 'व्हय महाराजा' म्हणायचं, अशी ती रीत. लोक आठवडाभर आधीपासून परबांना गाठून आपापलं सांगून ठेवत. परब काही लिहून घेत नसत आणि काही विसरतही नसत. स्वतःच्या घरासाठी मात्र त्यांनी कधी शब्द काढला नाही. सांगणाऱ्यानं स्वतःचं सांगायचं नसतं, म्हणायचे.

बांगड्याच्या पोटात सुरी घालता घालता त्यांनी सहज म्हटलं, "यंदा गाऱ्हाणा तू घालतलंस."

"बाबा, त्या दिवशी आमच्याकडे ऑडिट आहे."

"पूजेची तारीख अजून ठराक नाय."

अनुयानं ओट्यावरचा मसाल्याचा डबा उगीच उघडला आणि बंद केला. परब खांदे हलवत हसायला लागले. मग तीही हसली.

हे असं फार वर्षं चाललं होतं. अनुया सहावी-सातवीत असताना ऐन पूजेच्या दिवशी परबांचा घसा बसला. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, आवाज काही उमटेना. तेव्हा त्यांनी नारळ लेकीच्या हातात दिला आणि तिला पुढे ढकललं. कुणी म्हातारा कुरकुरला, पोरीबाळींचं हे काम आहे काय म्हणून. परबांनी घोगऱ्या आवाजात त्याला सांगितलं, "देवाक नारळ दिसता. हात कोणाचो, ता तो बघणा नाय." आणि अनुया बोलली. ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं, पण ती पाठ केलेलं बोलली नाही. कुणाच्या घरात काय चाललंय ते पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त माहीत असतं. तिनं एकेकाचं नाव घेत सगळं देवासमोर मांडलं. प्रत्येक वाक्यामागून 'व्हय महाराजा'ची लाट येऊन तिच्या पाठीवर आपटत होती. आपल्या गळ्यातून कुणीतरी आपल्याहून मोठं बोलतंय असं तिला वाटलं. फार गोड वाटलं, आणि नंतर रात्री अंथरुणात फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतली एक अनोळखी बाई दाराशी आली. "माझं पण सांग गं बाळ देवाला," म्हणाली आणि रडायलाच लागली.

तिथून अनुया जी पळत सुटली ती आजतागायत पळतच होती. पुढच्या माघात तिला ताप आला. त्याच्या पुढच्या माघात क्लासची परीक्षा निघाली. मग इंजिनिअरिंगला ती मुद्दाम लांबच्या गावी गेली. नोकरी लागल्यावर कंपनीतल्या जुन्या कामगारांनी खंडेनवमीला मशिनपूजेत हात जोडून सांगितलं, "मॅडम, तुमचा आवाज चांगला आहे, चार शब्द बोला देवापुढे." त्या वर्षीपासून तिची खंडेनवमी नेमकी रजेत यायला लागली. दरम्यान तिनं पुष्कळ वाचलं. देव आहे म्हणणारे वाचले, नाही म्हणणारे वाचले, आणि दोघांच्याही पुस्तकांत लपायला भरपूर जागा असते हे तिच्या लक्षात आलं.

त्या गुरुवारी मात्र जेवताना तिनं निदान मुद्द्याचं सांगितलं.

"बाबा, ऐकणारा कोणी आहे की नाही हेच मला माहीत नाही. मग तिथं उभं राहून लोकांच्या वतीनं बोलायचं म्हणजे फसवणूकच ना?"

परबांनी काटा दातांतून काढून ताटाच्या कडेला ठेवला. "आयकूचा काम तेचा. तुझा काम बोलूचा. तेचा काम तो करता की नाय, ता बघूक तुका कोणी ठेवलेला नाय. हय तुझा ऑडिट चलणा नाय, चेडवा."

"आणि तो म्हणाला, मला हीच पोरगी पाहिजे, तर?"

"तो म्हणालो आसा. कधीचोच." ते म्हणाले आणि भात मागून घेतला.

दुपारी वर्तमानपत्र तोंडावर पसरून ते सोफ्यावर झोपले. संध्याकाळी अनुयानं त्यांना स्कूटरवरून बस-स्टॉपला सोडलं. बस आली. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले आणि म्हणाले, "ती कोथिंबीर सुकत चालली आसा, चटणी करून टाक." मागच्या माणसानं त्यांना आत ढकललं, बस निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंचा फोन आला. सुमनताई भोसरीत परबांच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. परब रोज पहाटे त्यांच्या खिडकीखाली दात घासत गाणं म्हणायचे, ते आज ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी दार वाजवलं होतं.

अनुया हाती आलेलं काम नीट निस्तरणारी मुलगी होती. तिनं सगळं निस्तरलं. बाबांचे दिवस झाले, खोली आवरली, टोपी रावेतला आणून फ्रिजवर ठेवली. कामावर परतली तेव्हा सगळे हळू आवाजात बोलत होते. तीच त्यांना मोठ्यानं, कामाचं विचारत होती. 'गेले' हा शब्द तिनं उच्चारला नाही. कुणी विचारलं तर ती 'बाबा आता नसतात' म्हणायची, जणू ते दुसऱ्या शिफ्टला लागले होते.

पौष सरता सरता एका गुरुवारी रविराज आणि सुमनताई रावेतला येऊन धडकले. रविराज मंडळाचा सेक्रेटरी. चाकणलाच एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि मंडळाचं कामही फोर्कलिफ्ट चालवल्यासारखंच करायचा, समोर येईल ते उचलून.

"ताई, तारीख ठरली. माघातला दुसरा गुरुवार. आता गाऱ्हाण्याचं काय करायचं?" त्यानं चहाचा कपही हातात न घेता विचारलं.

"गावाहून कुणाला तरी बोलवा."

"बोलावलं होतं. गावचे एक काका म्हणाले, येतो. पण त्यांना आमची नावं कुठं माहीत? आम्ही सांगायची, ते वाचणार. ते बातम्या दिल्यासारखं होईल."

"मला तर जमणारच नाही," अनुया म्हणाली. "बाबांचं वर्षही झालेलं नाही अजून. आमच्याकडे सणवार नाही यंदा."

सुमनताईंनी पर्समधून फोन काढला. "भटजींना मघाशीच विचारलं मी. बसमध्ये. ते म्हणाले, गोडधोड करू नका, तोरण लावू नका. देवाशी बोलायला बंदी नाही."

"सुमनताई!"

"काय सुमनताई? तुझ्या वडलांनी मला सांगून ठेवलं होतं. म्हणाले, ती कारणं सांगेल. चांगली चांगली सांगेल, शिकलेली आहे. तुम्ही एकेक कारण खोडायचं. आता सांग पुढचं."

अनुयानं फ्रिजवरच्या टोपीकडे पाहिलं. आणि मग तिला पुढचं सुचलं.

"रविराज, गेल्या वर्षी तू मोबाइलवर शूटिंग केलं होतंस ना बाबांचं?"

"पूर्ण गाऱ्हाणं आहे. एकदम क्लिअर."

"मग तेच लावा. स्पीकरवर. बाबांचाच आवाज, बाबांचेच शब्द. सगळ्यांना बरं वाटेल."

रविराजचा चेहरा उजळला. त्यानं तो प्रश्न उचलून पलीकडे ठेवला.  सुमनताईंनी थंड झालेला चहा घोटभर घेतला आणि अनुयाकडे पाहत राहिल्या. असं कुणी पाहिलं की माणसाला आपलं कपाट आवरलेलं नाही हे आठवतं.

गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग रविराजनं त्याच रात्री अनुयाला पाठवलं, एकदा ऐकून घ्या म्हणून. तिनं ते ऐकलं नाही. बोट नुसतं त्या त्रिकोणावर ठेवलं आणि उचललं. रविराजनं सुरुवातीची दोन वाक्यं लावून आवाज तपासला आणि त्याला वाटलं, ताईंनी ऐकलंच असेल. इतकी साधी गोष्ट, पण ती दोघांनी एकमेकांवर सोडली.

पूजेच्या दिवशी गल्ली गच्च भरली. सुट्टी असल्यानं बाजूच्या शेडमधलं पॉवर प्रेस मुकं होतं आणि त्याच्या दारावरही झेंडूची माळ होती. अनुया साध्या पांढऱ्या कुर्त्यात मागे, खुर्च्यांच्या शेवटच्या ओळीत बसली. भटजींची कथा झाली, आरती झाली. देवासमोर पाटावर नारळ आणि विडा मांडला होता, पण नारळामागे माणूस नव्हतं. तिथं एक काळा स्पीकर होता आणि त्याला कुणीतरी भक्तिभावानं हळदकुंकूही लावलं होतं.

रविराजनं बटण दाबलं.

"बा देवा महाराजा!"

परबांचा आवाज. अनुयानं खुर्चीचा हात धरला. गल्ली क्षणभर दचकली आणि मग सवयीनं, जोरात, सगळ्यांच्या तोंडून आलं, "व्हय महाराजा!"

"आज ही तुझी लेकरां पोटासाठी गाव सोडून हय इली आणि तुझ्या पायाशी हात जोडून उभी रवली आसत..."

"व्हय महाराजा!"

बरं चाललं होतं. बायका डोळे पुसत होत्या. अनुयाला वाटलं, सुटले.

"ह्यो आमचो रविराज आणि तेची करिष्मा. तेंच्या घरात पाळणो हलू दे..."

करिष्मा दुसऱ्या ओळीत उभी होती. तिच्या कुशीतल्या गुटगुटीत तान्ह्यानं नेमकी तेव्हाच आईच्या मंगळसूत्राला हिसका दिला. आधी कुणीतरी फसकन हसलं, मग सगळी ओळ हसली.

"अरे रव्या, आणखी एक मागतोयस का?"

"नको रे बाबा, व्हय म्हणू नका कुणी!" रविराज ओरडला.

"आणि आमच्या सुमनताईंच्या जावयाक एक बरीशी नोकरी गावू दे..."

"अहो, लागली आणि सुटलीसुद्धा!" सुमनताई म्हणाल्या. आता पार मागच्या ओळीपर्यंत हशा पोचला. अनुयाही हसली, तोंडावर हात ठेवून. तिला वाटलं, बाबांना हे फार आवडलं असतं.

"चिमाजीआबांच्या उजव्या गुडघ्याची ठणक काढून टाक, महाराजा..."

चिमाजीआबा काठी टेकत उठले. ऐंशी पार केलेला तो म्हातारा स्पीकरकडे दोन पावलं चालून गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "परबभाऊ, उजवा झाला की! आपरेशन केलं न्हवं का! आता डावा सांगा. डावा लई दुकतोय."

लोक पुन्हा हसायच्या बेतात होते. आबा स्पीकरकडे तोंड करून उभे होते, उत्तराची वाट पाहत. स्पीकरमधले परब थांबले नाहीत. ते पुढच्या घरी गेले, कुणाच्या तरी विहिरीच्या वादाशी. तो वादही कधीचाच मिटला होता.

"ऐकंना व्हय," आबा हळूच, स्वतःशीच म्हणाले.

हशा तिथंच विरला. परब बोलत राहिले. एक वाक्य संपवून ते नेहमीसारखे थांबले, लोकांना जागा देत. गल्लीत कुणीच काही म्हणालं नाही. मग स्पीकरमधून गेल्या वर्षीची गल्ली ओरडली, "व्हय महाराजा!" आणि ऐकणारी गल्ली मान खाली घालून उभी राहिली.

अनुया उठली. आपण उठलोय हे तिला दोन खुर्च्या ओलांडल्यावर कळलं. अजूनही वळता आलं असतं. उजव्या हाताला गल्लीचं तोंड होतं, तिथं स्कूटर लावलेली होती, किल्ली कुर्त्याच्या खिशात होती. इतकी वर्षं ती अशाच वेळी त्या बाजूला वळली होती. आणि मनात तेव्हाही हाच प्रश्न असायचा, की ऐकणारा खरंच आहे का. तो प्रश्न आजही तसाच होता, केसभरही हलला नव्हता. पण समोर एक म्हातारा डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उभा होता आणि त्याचं सांगायला कुणी नव्हतं. ऐकणाऱ्याचं काय ते तो बघेल, असं तिला वाटलं. खात्री नव्हतीच. तिनं नुसतं पाऊल पुढे टाकलं.

तिनं स्पीकर बंद केला. उचलून बाजूला ठेवला. पाटावरचा नारळ हातात घेतला. तो अपेक्षेपेक्षा जड होता.

"डावा, पोरी," आबांनी आठवण केली.

"हो आबा."

ती देवाकडे वळली. घसा खाकरला. वडलांची बोली तिच्या जिभेवर येईना, तेव्हा जी आली तिच्यातच ती बोलली.

"महाराजा, चिमाजीआबांचा डावा गुडघा. उजव्याचं तू ऐकलंस. आता डाव्याकडे बघ."

 आधी आबांचा आवाज आला, एकट्याचा, "व्हय म्हाराजा!" आणि त्यामागून सगळी गल्ली. ती जुनी लाट तिच्या पाठीवर येऊन आपटली आणि या वेळी ती ढळली नाही.

"सुमनताईंच्या जावयाला नोकरी दे. आणि दिलीस की ती टिकवायची अक्कल दे."

"व्हय महाराजा!" यात सुमनताईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"रविराज-करिष्माचं पोर सुखात वाढू दे. दुसरं त्यांनी नको म्हटलंय, ते तू ऐकलंसच."

"व्हय महाराजा!"

मग मागून, बाजूनं, लोक सांगायला लागले. ताई, आमच्या पोराचा बारावीचा पेपर. ताई, आमच्या ह्यांची दारू. ताई, कंपनी परमनंट करत नाही. एक बाई नुसतीच उभी होती, तिला शब्द सापडत नव्हते. अनुयानं तिचं नाव विचारलं. गिरजाबाई, ती म्हणाली. "महाराजा, गिरजाबाईंना काय सांगायचंय ते तू बघ," अनुया म्हणाली आणि गल्लीनं त्यालाही होकार भरला. तिला घाई नव्हती. ती एकेकाचं घेत गेली. मधे एकदा तिचा आवाज फाटला, तेव्हा करिष्मानं पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं पिऊन परत दिला.

हळूहळू सांगणारे संपले. आता नारळ ठेवायचा आणि प्रसाद वाटायचा. भटजींनी तशी खूणही केली. अनुया खाली वाकली नाही.

"ताई?" रविराज कुजबुजला.

"सांगणाऱ्यानं स्वतःचं सांगायचं नसतं," ती म्हणाली. "बाबा तसंच वागले. मला आज ते जमत नाही."

"सांग गं," सुमनताई म्हणाल्या. "आम्ही आहोत व्हय म्हणायला."

अनुयानं नारळ छातीशी धरला.

"महाराजा, माझे बाबा गेले."

"व्हय महाराजा," गल्ली म्हणाली. यावेळी कुणी ओरडलं नाही.

"मी त्यांना म्हणत आले, मला काही ऐकू येत नाही, मी मानत नाही, मला कुणी बोलावलेलं नाही. ते खोटं होतं. तुझं बोलावणं मला ऐकू येत होतं, महाराजा. लहानपणी आलं, त्याच्यानंतर दर वर्षी आलं. मी घाबरत होते म्हणून पळत होते. तेवढं एक त्यांना सांग. मला ऐकू येत होतं, बाबा."